मागच्या चाकाचा आवाज

बाबांनी चौथ्या सायकलचं मागचं चाक उचललं, पायडल एकदा जोरात फिरवून सोडून दिलं आणि वाकून कान चाकाजवळ नेला. डोळे मिटून ते चाक थांबेपर्यंत तसेच उभे राहिले.

"हे नाई," ते म्हणाले.

दुकानदार मानापुरेंनी माझ्याकडे बघितलं. मी छताला टांगलेल्या ट्यूबा मोजायला लागले. पांढरकवड्याच्या बाजारपेठेत, भर दुपारी, लोक येता-जाता बघतायत आणि माझा बाप चाकांना कान लावत फिरतोय, अशा वेळी माणसाने दुसरं करावं तरी काय.

ही २००९ सालची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते आणि वनरक्षक म्हणून नुकतीच लागले होते. पिंपळधरा बीट, म्हणजे राखायचा जंगलाचा तेवढा भाग, मला मिळालं होतं. माझ्या घरापासून वनखात्याच्या नाक्यापर्यंत नऊ किलोमीटर डांबरी रस्ता, आणि नाक्यापासून पुढे बारा किलोमीटर जंगलवाट. त्या वाटेवर मुरूम, दगड, बोरीचे काटे आणि दोन नाले. त्यातल्या एका नाल्यात घोट्याभर वाळू. मोटरसायकल नाल्यापलीकडे जात नाही, आणि पायी एवढं फिरायचं तर दिवस चालण्यातच संपतो. त्यामुळे डांबरावर दम न काढणारी आणि जंगलात न मोडणारी अशी एकच सायकल मला हवी होती.

मानापुरेंनी सुरुवातीलाच सगळं समजावून सांगितलं होतं. काळी उभी सायकल डांबरावर उत्तम, पण तिचं बारीक चाक वाळूत रुतणार आणि दगडावर रिम वाकणार. जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली सायकल दगडांवरून मजेत जाते. पण डांबरावर तिच्या टायरवरचे रबरी गोटे घासत राहतात, नऊ किलोमीटरमध्येच मांड्या भरून येतात, आणि तिला धड कॅरिअरही बसत नाही. "तुम्हाला मधली लागते," ते म्हणाले आणि त्यांनी मधल्या सायकली बाहेर काढल्या. टायर मध्यम, मधोमध गुळगुळीत आणि कडांना गोटे. शॉकअप नाही, म्हणजे बिघडायला एक गोष्ट कमी. मागे सात गेअर. कॅरिअरसाठी भोकं पाडलेली.

बाबांना सायकलीतलं कळत नव्हतं असं मुळीच नाही. एकोणतीस वर्षं त्यांनी त्याच जंगलात सायकल चालवली होती, त्यातली बरीचशी याच पिंपळधऱ्यात. त्यांनी टायर अंगठ्याने दाबून बघितले. मडगार्ड आणि टायरमध्ये दोन बोटं घालून "इथं चिखल बसन" म्हणून एक सायकल बाजूला काढली. दुसरीचं हँडल माझ्या हाताला लांब पडतं म्हणून नाकारली. इथपर्यंत मानापुरे माना डोलवत होते. पण मग ते कान लावण्याचं प्रकरण सुरू झालं.

शेवटी दोन उरल्या. एक राखाडी आणि एक निळी. राखाडीचं चाक फिरलं तर कपडा घासल्यासारखा जेमतेम आवाज यायचा. निळीचं फ्रीव्हील मात्र भयंकर वाजायचं. पायडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातून कट-कट-कट असा आवाज निघायचा आणि तो दुकानाबाहेर पानठेल्यापर्यंत जायचा.

मला हायसं वाटलं. बाबा एवढा वेळ बिनआवाजाची सायकल शोधत होते, हे आत्ता लक्षात आलं. मलाही तीच हवी होती. मी राखाडीच्या सीटवर हात ठेवला.

"निळी," बाबा म्हणाले.

"बाबा, ते वाजते किती."

"म्हून तं."

मानापुरे समजूतदार माणूस. त्यांनी मध्ये तोडगा काढला, "दादा, आवाजाचं काही टेन्शन नाही. फ्रीव्हीलमध्ये ग्रीस भरून देतो, लगेच बंद होते."

"भराचं नाई," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, मी लहान असताना औषध पाजताना बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "जंगलात अस्वल राह्यते. एकदम तिच्या पुढ्यात गेलं का ते अंगावर येते. तिले आधी कळलं पाह्यजे का कोणी येऊन राह्यलं."

वय झालं, भित्रे झाले, असं मनात म्हटलं आणि निळी सायकल घेतली.

खरं तर मी तेव्हा बाबांवर चिडलेली होते आणि ती चीड सायकलीची नव्हती. नोकरीवर हजर झाले त्या दिवशी आमचे वनपाल कोरडे साहेब माझे कागद चाळत म्हणाले, "गेडाम. म्हणजे अज्ञातची मुलगी का तुम्ही?" खोलीतले सगळे हसले. मला कळेना. मग एका जुन्या लिपिकाने मजेत सांगितलं. जंगलात चोरीचं लाकूड पकडलं की गार्डाने वनगुन्ह्याचा रिपोर्ट लिहायचा असतो. त्यात आरोपीच्या नावाचा एक रकाना असतो. दशरथ गेडाम यांच्या एकोणतीस वर्षांच्या रिपोर्टांत त्या रकान्यात, दहा-वीस अपवाद सोडले तर, एकच शब्द होता. अज्ञात. लाकूड जप्त, आरोपी पळून गेले. खात्यात त्यांना दशरथ गेडाम म्हणणारं कोणी उरलंच नव्हतं. सगळ्यांसाठी ते अज्ञात गेडाम होते.

मला हे नाव घरी कधी ऐकू आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी हजेरीपटावर सही करताना मधलं नाव गाळायला लागले. नुसतं कांचन गेडाम. प्रोबेशनचं एक वर्ष होतं, आणि मी ठरवलं होतं की या वर्षात त्या रकान्यात नावं लिहायची. खरी, गावासकट, बापाच्या नावासकट. लोकांनी म्हणावं की बापाला जमलं नाही ते पोरीने केलं.

आणि बाबांना का जमलं नाही, ते मला ठाऊक होतं असं मला वाटायचं. त्यांची जुनी सायकल म्हणजे फिरता बँडच होता. चेनकव्हरचा पत्रा सुटलेला, मागच्या मडगार्डची तार ढिली. गावाच्या वेशीवर बाबा आले की आई चुलीवर चहा ठेवायची. मी सातवीत असताना एकदा त्या मडगार्डला चिंधी बांधून आवाज बंद केला होता. माझ्या हुशारीचं कौतुक होईल म्हणून वाट बघत बसले. बाबांनी चिंधी सोडली, घडी करून माझ्या हातात दिली आणि निघून गेले. असा खडखडाट करत फिरणाऱ्या गार्डाला चोर सापडणार तरी कसा?

पंधरा दिवस मी निळी तशीच चालवली. सायकल म्हणून ती उत्तम होती, हे मान्य करायला हवं. डांबरावर मोठ्या गेअरला हलकी जायची, नाक्यापुढे टायरची हवा थोडी कमी केली की वाळूतूनही निघायची. पण या पंधरा दिवसांत मला तीन वेळा वाटेवर टाकलेल्या मोळ्या सापडल्या आणि माणूस एकदाही नाही. तिन्ही रिपोर्टांत मला तोच शब्द लिहावा लागला. तिसऱ्या वेळी कोरडे साहेबांनी रिपोर्ट वाचला आणि नुसतं "हं" म्हटलं.

त्याच संध्याकाळी मी मानापुरेंकडे गेले आणि फ्रीव्हीलमध्ये ग्रीस भरून घेतलं. जाड, पिवळं, भरपूर. ते म्हणाले की एवढं नको, पायडल सटकेल. मी म्हटलं, भरा.

नंतर आठवडाभर मी जंगलातून जात होते आणि मला माझाच आवाज येत नव्हता. मोर वाटेवरून हलायचे नाहीत. एकदा एक भेकर हाताच्या अंतरावर उभं राहून बघत होतं. मला फार बरं वाटलं. कधीतरी पायडल फुकट फिरायचं, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं.

आठव्या दिवशी सकाळी, नऊ-साडेनऊच्या सुमारास, खापरनाल्याच्या उतारावर मी पायडल थांबवून सायकल सोडली होती. वाट तिथे कड्याला लागून वळते आणि खाली दोन पुरुष खोल नाला आहे. वळणावर आले तर दहा पावलांवर तीन बाया, डोक्यावर मोळ्या घेऊन, पाठमोऱ्या. सुक्या लाकडांच्या आत ओल्या सागाच्या बल्ल्या, कोवळ्या झाडांचे सरळ सोट, होत्या. कापलेली पांढरी टोकं मला स्पष्ट दिसली.

पहिल्यांदा मला आनंद झाला. हे सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं.

"ए, थांबा!" मी ओरडले.

दोघींनी मोळ्या टाकल्या आणि झाडीत घुसल्या. तिसरी कड्याच्या बाजूला होती. ती दचकून वळली, मोळीचं वजन एकीकडे गेलं आणि ते तिलाही घेऊन गेलं. मला फक्त लाकडं दगडांवर आपटल्याचा आवाज आला.

मी सायकल टाकून खाली उतरले. ती नाल्यात उताणी पडली होती, चाळिशीची, काटक बाई. मोळी तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर पडलेली होती. डोळे उघडे होते. उजव्या पायाची नडगी मधेच वळली होती. तिने आधी पायाकडे बघितलं नाही. मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, आणि "मान हाय," असं स्वतःलाच म्हणाली.

त्याच मोळीतल्या दोन सरळ फांद्या घेऊन मी तिचा पाय बांधला, एकीकडे माझ्या कमरेचा पट्टा आणि दुसरीकडे तिच्या लुगड्याचा काठ. तिला वर कसं आणलं ते मला आज सांगता येणार नाही. कॅरिअरवर आडवी बसवली, तिचा एक हात माझ्या खांद्यावर, आणि मी सायकल ढकलायला लागले. नाका तीन किलोमीटरवर होता. बराच वेळ ती दात खाऊन बसली होती. मी तिला नाव विचारलं.

"तुळसा. लिवून घे."

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तू कोनाची?"

"गेडामची."

"दशरथ गार्डाची?"

"हो."

तिने खांद्यावरचा हात काढला आणि वळून मागच्या चाकाकडे बघितलं.

"मंग तुया सायकलीले आवाज काहून नाई?"

मी म्हटलं, चोर पकडायचे तर आवाज कसा चालेल. ती हसली असावी, कारण नंतर तिला कळ आली आणि काही वेळ आम्ही थांबलो. वाटेतल्या मोहाच्या झाडाखाली मी तिला पाणी पाजलं. मग ती बोलली, एकसारखी, पाय विसरण्यासाठी बोलतात तशी.

ती दहा वर्षांची असताना याच उतारावर तिची माय पुढे होती आणि ती मागे. दोघींच्या डोक्यावर मोळ्या. माझे बाबा तेव्हा नवेच लागले होते. सायकल नवी, तेलपाणी केलेली. ते मागून आले आणि ओरडले. तिची माय वळली आणि खाली गेली. मोळी तिच्या मानेवर आली.

"तिथच गेली," तुळसाबाई म्हणाली. "तुया बापानं तिले खांद्यावर घेऊन गावापावतर आणलं. मी मागं मागं. सायकल तिथच पडून होती दोन दिस. कोनी त्याले बोल लावला नाई. लाकडं तं चोरीचीच होती ना. तेराव्याले आला, बसला, जेवला नाई. जाताना माह्या आज्याले म्हने, आता मी येईन तवा तुमाले आयकू येईन."

त्यानंतर गावात पहिल्यांदा तो पत्र्याचा आवाज ऐकू आला, असं ती म्हणाली. नाल्यापलीकडे खडखड वाजली की बाया सपाट जागा बघून मोळ्या खाली ठेवायच्या आणि हळू चालत झाडीत जायच्या. पळायचं काम नव्हतं. बाबा यायचे, खोकायचे, बिडी ओढायचे. मग मोळ्या सोडून बल्ल्या मोजायचे आणि जप्त करायचे.

"लाकूड कधी सोडलं नाई बुड्यानं," ती म्हणाली. "मानूस सोडला."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. हात हँडलवर होते, पुसायला मोकळा नव्हता.

नाक्याअलीकडची कडक, सपाट वाट लागली. तिथून चढ नव्हता, दोघींना घेऊन सायकल सहज गेली असती. मी सीटवर बसून पायडल मारलं. ते फुकट फिरलं. पुन्हा मारलं, पुन्हा फुकट. ग्रीसने फ्रीव्हील पार गिळलं होतं. मी खाली उतरले आणि नाक्यापर्यंत ढकलतच गेले. तिथे एका मालवाहू टेम्पोत तिला घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. बाबा अंगणात बसून वालाच्या शेंगा सोलत होते. मी सायकल भिंतीला लावली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, खापरनाल्यावर तुळसाबाई पडली.

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मान?"

"नाई. पाय मोडला."

"जीव वाचन ना?"

"वाचते. प्लास्टर घातलं."

त्यांनी शेंग ताटात ठेवली. दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. मी म्हटलं की ग्रीस मी भरून घेतलं होतं.

"माहीत हाय," ते म्हणाले. "आठ दिस झाले तू अंगनात येते तं मले आयकू येत नाई."

"मंग बोलले काहून नाई तुमी?"

त्यांनी मान सायकलीच्या मागच्या चाकाकडे वळवली. "तुही नवी नोकरी. मले वाटलं, आपल्या नावाचा तुले तरास होते. म्हून तू असं करून राह्यली. तं मी काय बोलू?" मग म्हणाले, "बोलाले पाह्यजे होतं. हे दुसऱ्यांदा झालं माह्याच्यानं."

त्यांना माझ्या सह्यांबद्दलही ठाऊक असणार, असं मला त्या क्षणी वाटलं. मी स्वयंपाकघरातून राकेलची बाटली आणि जुनी बनियान आणली, सायकल उलटी केली आणि मागचं चाक काढलं. बाबा शेंगा बाजूला सारून माझ्याजवळ येऊन बसले. मी फ्रीव्हीलमध्ये राकेल ओतायची, ते फिरवायचे. पिवळं ग्रीस गळून जमिनीवर पडत राहिलं. सूर्य खाली जाईपर्यंत आम्ही तेच करत होतो. शेवटी चाक बसवलं, मी पायडल मारून सोडलं. कट-कट-कट असा आवाज अंगणभर झाला. शेजारच्या कोंबड्या पळाल्या.

बाबांनी वाकून कान लावला नाही. तसेच बसून ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडे साहेबांकडे गेले. बातमी माझ्याआधी पोचली होती. साहेबांनी रिपोर्टचा फॉर्म स्वतः काढून ठेवला होता आणि खुर्ची पुढे केली, जी त्यांनी याआधी कधी केली नव्हती. म्हणाले, पहिल्या महिन्यातच आरोपीसकट, शाब्बास. मी लिहायला घेतलं. ठिकाण, वेळ, सागाच्या ओल्या बल्ल्या सात नग. मग तो रकाना आला.

मी एक शब्द लिहिला आणि पुढे गेले.

साहेबांनी फॉर्म हातात घेतला. "अज्ञात? मग तुम्ही दवाखान्यात कोणाला घेऊन गेलात?"

"वाटेत एक बाई पडली होती, साहेब. मोळ्या तिथेच होत्या. कोणाच्या ते दिसलं नाही."

"प्रोबेशनवर आहात, मॅडम."

"हो साहेब."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर उभ्या असलेल्या निळ्या सायकलीकडे. फॉर्म परत माझ्यापुढे सरकवला. "सही करा," एवढंच म्हणाले. माझं प्रोबेशन पुढे सहा महिन्यांनी वाढलं, त्याचं कारण हा रिपोर्ट होता की नाही, मला कधी कळलं नाही. आणि सायकलीच्या त्या आवाजामुळे पुढच्या वर्षांत खरे मोठे चोरही काही निसटले असतील. ते मी नाकारत नाही.

मी पेन उचललं आणि सगळं नाव लिहिलं. कांचन दशरथ गेडाम.